बंद पेटीची किंमत

वाचक लिहितात :

स. न. वि. वि.

माझा मुलगा नववीत शिकतो. गेल्या महिन्यात पासबुकात नोंदी करून घेतल्या, तेव्हा तीन महिन्यांत माझ्या खात्यातून २३,००० रुपयांहून अधिक रक्कम थोडी थोडी करून गेल्याचे लक्षात आले. कुठे शंभराच्या आत, कुठे दोनशे, कुठे पाचशे. विचारल्यावर कळले की मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात ‘क्रेट’, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या बंद पेट्या, उघडण्यासाठी आणि बक्षिसांचे चाक फिरवण्यासाठी तो माझ्या फोनवरून पैसे भरत होता. पिन त्याला ठाऊक होता, कारण वाण्याकडे पाठवताना मीच तो सांगितला होता. यजमान म्हणतात की हा सरळसरळ जुगार आहे, आणि त्यांनी त्याचा फोन काढून घेतला आहे. मुलगा म्हणतो, “जुगारात पैसे बुडतात, मला तर दर वेळी काहीतरी मिळतं.” पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या माझ्या दिरांचे मत असे की सरकारने यात पडू नये, मुले सांभाळणे हे आईबापांचे काम आहे. पण पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये बंदी आली ना? मग हे कसे चालू आहे? हा जुगार आहे का, सरकारने यात लक्ष घालावे का, आणि मुलाशी मी आता कसे वागावे?

– एक आई, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार ताई,

आधी घाईचे काम सांगतो. ज्या ॲप स्टोअरमधून ही खरेदी झाली, त्याने प्रत्येक व्यवहाराची पावती तुमच्या ईमेलवर पाठवलेली असणार. त्या सगळ्या पावत्या एकत्र करा आणि अल्पवयीन मुलाने पालकांच्या संमतीवाचून खरेदी केली, असे कारण देऊन परताव्याचा अर्ज आजच्या आज करा. स्टोअरच्या मुदती अगदी तोकड्या असतात आणि जुन्या व्यवहारांबाबत नकार येण्याची शक्यता मोठी आहे, तरीही अर्ज सोडू नका. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्ती करार करण्यास पात्र नसते आणि अशा व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक ठरतो, हे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, १९०३ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्थात, खाते तुमच्या नावाचे आहे आणि पिनही तुमचाच वापरला गेला, असे उत्तर समोरून येईल, आणि ते अगदीच पोकळ नाही. त्यामुळे सगळी रक्कम परत येईलच अशी आशा मी लावणार नाही. पण लेखी अर्ज आणि त्यावरचा लेखी नकार हाती असेल, तरच पुढच्या तक्रारीला आधार मिळतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. मुलाचे म्हणणे पोरकटपणा समजून झटकून टाकू नका. युरोपातल्या न्यायालयांत मोठमोठ्या कंपन्यांच्या वकिलांनी साधारण याच दिशेने युक्तिवाद केलेला आहे. जुगार म्हणायला तीन गोष्टी लागतात : पैसे लावलेले असावे लागतात, निकाल नशिबावर अवलंबून असावा लागतो, आणि जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या वस्तूला काही मोल असावे लागते. तुमचा मुलगा जी पेटी उघडतो तीत पहिल्या दोन गोष्टी निर्विवाद आहेत, तिसरीवर वाद आहे. पात्राचा झगमगीत पोशाख किंवा बंदुकीवरचा रंग, ज्याला मुले ‘स्किन’ म्हणतात, तो खेळाबाहेर विकता येत नसेल तर त्याला मोल आहे असे म्हणायचे की नाही, यावर देशोदेशीची उत्तरे वेगळी निघाली.

बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या खेळांतल्या सशुल्क पेट्या तिथल्या जुगार कायद्यात बसतात, असा निष्कर्ष काढला, आणि २०१९ च्या जानेवारीत ‘फिफा’ हा फुटबॉलचा खेळ काढणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ने त्या देशात ‘फिफा पॉइंट्स’ या खेळातल्या चलनाची विक्री थांबवली. शेजारच्या नेदरलँड्समध्ये जुगार नियामकाने ‘फिफा’तल्या खेळाडूंच्या पत्त्यांच्या बंद पाकिटांबद्दल याच कंपनीला एकूण १ कोटी युरोचा दंड केला. खालच्या न्यायालयाने तो उचलून धरला. आणि मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो रद्द केला. कारण काय, तर खेळाडूंच्या पत्त्यांची ही पाकिटे म्हणजे स्वतंत्र खेळ नव्हे, ती कौशल्यावर चालणाऱ्या फुटबॉलच्या खेळाचाच एक भाग आहेत. पाकीट तेच, पैसे तेच, आणि सीमेच्या अल्याड-पल्याड निकाल उलटसुलट.

आपल्याकडे ही कौशल्य आणि नशिबाची चर्चा नवी नाही, आणि तिची एक महत्त्वाची कडी मुंबईशी जोडलेली आहे. पन्नाशीच्या दशकात बंगळुरूहून निघणारे एक साप्ताहिक शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा चालवत असे आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातून त्याला प्रवेशिका आणि पैसे मोठ्या प्रमाणावर जात. राज्याने १९४८ च्या आपल्या कायद्याने त्यावर नियंत्रण आणि कर लादला. साप्ताहिक छापले जाते दुसऱ्या राज्यात, मग मुंबईचा कायदा त्याला कसा लागू होईल, हा एक आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात तो फेटाळला, आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, असेही सांगितले. कोडे सोडवायला शब्दसंपत्ती लागते हे खरे, पण उत्तर बरोबर ठरायचे ते संयोजकाने आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळले तरच, म्हणजे शेवटी अंदाजपंचेच. परमुलखातून चालणारा धंदा, खिसा इथल्या माणसाचा, आणि वर कौशल्याचा मुलामा : आज फोनवर जे चालले आहे त्याला वेगळे वळण फक्त यंत्राचे आहे.

मग २०२५ च्या कायद्याने हे बंद का झाले नाही? ऑनलाइन गेमिंगविषयीचे ते विधेयक लोकसभेने २० ऑगस्टला आणि राज्यसभेने २१ ऑगस्टला मंजूर केले, २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि रमी, पोकर, पैशांवरचे फँटसी क्रिकेट चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपले रोखीचे खेळ लगोलग गुंडाळले. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी कडक तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तेव्हा मुलावर काही बालंट येईल ही भीती मनातून काढून टाका. या कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना वादच बाजूला सारला. पैसे, किंवा पैशाने घेतलेली नाणी आणि टोकनांसारखी कोणतीही वस्तू, जिंकण्याच्या अपेक्षेने लावली आणि बदल्यात आर्थिक व अन्य लाभ मिळणार असेल, तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’. दुसरीकडे ई-स्पोर्ट्‌स आणि ‘ऑनलाइन सोशल गेम’, म्हणजे पैज न लावता करमणुकीसाठी खेळायचे खेळ, यांना त्याच कायद्याने मान्यता दिली.

तुमच्या मुलाचा खेळ या दोहोंच्या मधल्या भेगेत बसतो. त्याने विकत घेतलेले खेळातले चलन ‘लावलेली वस्तू’ या व्याख्येत येऊ शकते. पण मिळालेला पोशाख हा ‘लाभ’ आहे का, आणि पेटी उघडणे म्हणजे ‘खेळणे’ आहे की नुसती खरेदी, यावर माझ्या वाचनानुसार दोन्ही बाजूंनी बोलता येते. एखादा खेळ कोणत्या वर्गात पडतो हे तक्रारीवरून किंवा स्वतःहून ठरवण्याचा अधिकार कायद्याने एका प्राधिकरणाला दिला आहे. शिवाय कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या आहेत. थोडक्यात, तुमच्या यजमानांचे म्हणणे भावनेने खरे आणि कायद्याने अधांतरी आहे.

मात्र माझे स्वतःचे मत असे आहे की आपण चुकीच्या प्रश्नावर इतका वेळ घालवतो आहोत. त्यासाठी तुमच्या मुलाने फिरवलेले चाक जवळून पाहू.

खेळातल्या दुकानात आठ-दहा वस्तूंचे एक चाक असते. त्यात एकच वस्तू सगळ्यांना हवी असते, बाकीच्या भरीच्या. पहिली फिरकी इतकी स्वस्त की दहाच्या आतल्या हिऱ्यांना, म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या खेळातल्या चलनाला, मिळते. ती फिरवली की एक भरीची वस्तू लागते आणि ती चाकावरून निघून जाते, म्हणजे हवी ती वस्तू लागण्याची शक्यता आता थोडी वाढली, आणि त्याच वेळी पुढच्या फिरकीचा दर दुपटीच्या आसपास गेला. असे करत करत शेवटी दोन वस्तू उरतात, तोवर दर शेकड्यांत पोहोचलेला असतो, आणि आतापर्यंत घातलेले हिरे वाया जाऊ नयेत म्हणून मूल ती फिरकी घेतेच. सगळ्यांत शेवटी ती वस्तू मिळणार हे आधीपासून ठरलेलेच असते. म्हणजे पाहा, वस्तूला एक पक्की किंमत होती. ती एकदम सांगितली असती, तर नववीतल्या मुलानेसुद्धा ‘एका पोशाखाला इतके?’ म्हणून मान फिरवली असती. तिचे तुकडे करून, पहिला तुकडा जवळपास फुकट देऊन, ती त्याच्या गळ्यात मारली. आणि मधे रुपये कुठेच दिसत नाहीत. रुपयांचे हिरे झालेले असतात, हिऱ्यांचे पुडे असे बांधलेले असतात की हवे तितके नेमके कधी मिळत नाहीत, थोडे कमी पडतात किंवा थोडे उरतात, आणि उरलेले हिरे पुढच्या टॉप-अपची आठवण करून देत राहतात.

दुसरा प्रकार साध्या क्रेटचा. समजा हवी ती वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलांना वाटते, शंभर क्रेट उघडल्या की ती मिळणारच. गणित तसे चालत नाही. प्रत्येक क्रेटला न मिळण्याची शक्यता ९९ टक्के. तिला स्वतःने शंभर वेळा गुणले की सुमारे ३७ टक्के उरतात. म्हणजे शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर क्रेट उघडल्या तर साधारण ३७ मुले रिकाम्या हाताने बसतील, आणि दोनशे उघडल्यावरही १३ जण तसेच असतील. क्रेटला ४० रुपये धरले तर दोनशेचे आठ हजार होतात. बक्षीस कधी येईल याचा नेम नसला की प्राणी कळ अधिक चिकाटीने दाबत राहतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे आणि उंदीर यांच्यावरच्या प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारासच दाखवून दिले होते. स्लॉट यंत्र त्याच तत्त्वावर चालते. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोच्या जहाजात २१ वर्षांखालच्या कोणालाही पाऊल ठेवू देत नाहीत. फोनमधल्या चाकापुढे अशी अडवणूक नाही.

म्हणून मी प्रश्न असा विचारीन : विकत घेण्यापूर्वी तुमच्या मुलाला वस्तूची किंमत कळली होती का? नव्हती. हा जुगार ठरो वा न ठरो, ही सदोष विक्री आहे, आणि ती अल्पवयीन ग्राहकाला झालेली आहे. हा धागा धरला तर सरकारने काय करावे याचे उत्तर पुष्कळ सोपे होते.

तुमच्या दिरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. पिन सांगणे, तीन महिने नोंदी न पाहणे, या गोष्टी कोणताही मंत्री घरी येऊन सुधारणार नाही. पण आईबापांच्या हातात काय आहे आणि काय नाही, याची वाटणी त्यांनी नीट केलेली नाही. तुम्ही पिन लपवू शकता. पडद्यावर लिहिलेली एक टक्का शक्यता खरोखर एक टक्का आहे की नाही, हे तुम्ही कसे तपासणार? सॉफ्टवेअरमधल्या माणसाला तरी बाहेरून ते तपासता येईल का, हे त्यांनाच विचारा. दक्षिण कोरियात याचा धडा मिळाला. ‘मेपल स्टोरी’ या अतिशय लोकप्रिय खेळात ‘क्यूब’ नावाची वस्तू विकत घेऊन आपल्या साधनांचे गुण बदलता येत. कंपनीने काही चांगले गुण निघण्याची शक्यता गुपचूप कमी केली होती, आणि लोक ज्यासाठी पैसे ओतत होते अशा काही जोड्या निघण्याची शक्यता चक्क शून्य करून ठेवली होती. खेळाडूंना याचा पत्ता नव्हता. तिथल्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये या कंपनीला, ‘नेक्सॉन’ला, सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड केला, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. शून्य टक्क्यांचे तिकीट वर्षानुवर्षे विकले जात होते, ते कोणा पालकाच्या दक्षतेने उघड होणारे नव्हते. त्यासाठी कंपनीचे दप्तर उघडायला लावणारा अधिकार लागतो, आणि तो सरकारकडेच असतो.

तेव्हा सरकारने लक्ष घालावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कसे घालावे, यावर मात्र मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. बेल्जियमचा कायदा ऐकायला करकरीत आहे. पण २०२२ मध्ये तिथल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या आयफोनवरच्या शंभर खेळांची पाहणी एका अभ्यासकाने केली, तेव्हा ८२ खेळांत अशा पेट्या बिनदिक्कत विकल्या जात होत्या. नामांकित कंपन्या निघून गेल्या, आणि नियम न जुमानणाऱ्यांना मैदान मोकळे मिळाले. ब्रिटनने दुसरे टोक धरले : २०२० मध्ये माहिती मागवून जुलै २०२२ मध्ये सरकारने जाहीर केले की जुगार कायदा बदलणार नाही, उद्योगानेच आपली शिस्त लावून घ्यावी. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ पासून अशा पेट्या असलेल्या नव्या खेळांना किमान ‘एम’ श्रेणी दिली. ही श्रेणी पंधरा वर्षांवरील मुलांसाठी सुचवलेली असते, पण ती नुसती शिफारस आहे, लहान मुलाला कोणी अडवत नाही.

मला पटतो तो जपानचा मार्ग. तिथे ‘कॉम्प गाचा’ नावाचा प्रकार बोकाळला होता : नशिबाने निघणाऱ्या चार-पाच विशिष्ट वस्तूंचा संच पुरा झाला तरच मोठे बक्षीस, आणि संचातली शेवटची वस्तू काही केल्या निघत नसे. ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२ मध्ये सांगितले की बक्षिसे आणि जाहिराती यांविषयीच्या आधीपासून असलेल्या कायद्यातच हे निषिद्ध आहे. जुगाराच्या व्याख्येचा कीस पाडत कोणी बसले नाही, आणि मोठ्या कंपन्यांनी थोड्याच दिवसांत तो प्रकार गुंडाळला. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानेही जानेवारी २०२५ मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाबाबत ग्राहकांच्या फसवणुकीचाच मुद्दा घेतला. कंपनीने २ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, आणि पालकांच्या संमतीवाचून १६ वर्षांखालील मुलांना पेट्या विकण्यास तिला मज्जाव झाला; शक्यता आणि खेळातल्या चलनाचा खऱ्या पैशांतला दर उघड करण्याचेही बंधन आले.

आपल्याकडे यासाठी लागणारी हत्यारे बरीचशी आहेत, ती म्यानातच पडून आहेत. पैज आणि जुगार हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे महाराष्ट्रात अजून १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा चालतो आणि गोव्यात १९७६ चा वेगळा; ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र देशभर एकच आहे. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला भुलवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्या अधिसूचित केल्या. त्यांत खोटी घाई निर्माण करणे आहे, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आहे, पिच्छा पुरवणेही आहे. वर वर्णन केलेल्या चाकाला यांतले काय काय लागू पडते, हे वाचकांनीच ताडून पाहावे. प्राधिकरणाने एवढेच म्हणायला हवे की हे नियम खेळातल्या दुकानालाही लागू आहेत. पुढे जाऊन माझी मागणी अशी राहील की १८ वर्षांखालील खात्यांना बंद पेटी मुळी विकूच नये, जी वस्तू विकायची ती उघडी आणि रुपयांत किंमत लिहून विकावी. मोठ्यांसाठी पेटी ठेवायची तर शक्यतेचे आकडे बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घ्यावेत. आणि खर्चाची मासिक मर्यादा ठरवताना सामान्य घराचे उत्पन्न डोळ्यांपुढे ठेवावे. हे शेवटचे अशासाठी लिहितो की ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा अल्पवयीनांसाठी खर्चाची मर्यादा दिवसाला ७,००० रुपये होती. महिन्याचे दोन लाखांवर जातात. ही मर्यादा कोणत्या घरातल्या मुलाला अडवणार होती, हे ठरवणाऱ्यांनाच माहीत.

आता मुलाकडे वळू. यजमानांनी फोन काढून घेतला, ते त्या क्षणी समजण्यासारखे होते. पण त्याला जुगारी म्हणणे थांबवा. अशा पेट्यांवर अधिक खर्च करणाऱ्यांत जुगाराच्या समस्येची लक्षणेही अधिक दिसतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पेट्यांमुळे माणूस जुगाराकडे वळतो की मुळात तसा कल असलेले लोक पेट्यांवर अधिक खर्च करतात, हे त्यावरून ठरत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर शिक्का मारायला तेवढा पुरावा पुरेसा नाही. त्याने आईचा पिन वापरून, न सांगता पैसे घेतले, ही चूक मात्र स्पष्ट शब्दांत चूक म्हणूनच सांगा. फसवला गेला म्हणून ती पुसली जात नाही.

रविवारी सकाळी दोघांनी त्याच्याबरोबर बसावे, बँकेचे उतारे आणि स्टोअरच्या पावत्या समोर ठेवाव्यात, आणि प्रत्येक रकमेपुढे त्यातून काय मिळाले हे त्यालाच लिहू द्यावे. व्याख्यान देऊ नका. शंभर क्रेटांचे वरचे गणित त्याला कॅल्क्युलेटरवर करून पाहू द्या. नववीच्या मुलाला ते सहज जमते. शेवटी त्याला एकच विचारा की यातल्या किती वस्तू तू त्या एकूण किमतीला, उघड्या दुकानातून, घेतल्या असत्यास. त्याच्या ‘दर वेळी काहीतरी मिळतं’ या म्हणण्याला तुमच्यापेक्षा तो कागद अधिक चांगले उत्तर देईल. गेलेल्या रकमेचा काही भाग त्याच्या खाऊच्या पैशांतून थोडा थोडा वळता करावा, असे मला वाटते. सगळी रक्कम मात्र वसूल करायला जाऊ नका, तेवढी फेडताना त्याला पळवाटा शोधाव्याशा वाटतील.

एक पळवाट आजच सांगून ठेवतो, कारण मुलांच्या टोळक्यात ती सर्रास चालते. पैसे भरून काढण्यासाठी आपला ‘आयडी’, म्हणजे दुर्मीळ वस्तू जमवलेले खेळातले खाते, टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाला विकायचा. खेळाच्या नियमांत हे बसत नाहीच, शिवाय पासवर्ड आधी घेऊन पैसे न देणारे तिथे टपलेलेच असतात. असे काही घडले असेल तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर लगेच कळवा.

घरची व्यवस्था तुम्हीच लावायची आहे. पिन बदला आणि तो कोणालाही सांगू नका. वाण्याकडे पाठवायचे तर हातात रोख द्या. यूपीआय लाइट सुरू असेल तर छोटे व्यवहार पिनशिवायही होतात, तेव्हा ते तपासा आणि बंद करा. ॲप स्टोअरवर साठवलेली देयक-माहिती काढून टाका, मुलाचे खाते पालकांच्या देखरेखीखालच्या कुटुंब-गटात घ्या आणि प्रत्येक खरेदीला तुमची मंजुरी लागेल अशी सेटिंग करा. दुकानांत मिळणाऱ्या रिडीम कोडनेही टॉप-अप होतो, तोही रस्ता ध्यानात असू द्या. एवढे झाल्यावर फोन ठरावीक वेळेसाठी परत द्या. मित्रांबरोबर खेळणे ही त्याची दुनिया आहे. ती काढून घेण्याचे कारण नाही, तिच्यातले दुकान बंद करायचे आहे.

पैशांचा रस्ता बंद झाल्यावरही तो इतरांकडून उसने मागू लागला, झोप आणि शाळा सुटू लागली, खेळ नसला की घरात आदळआपट होऊ लागली आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालूच राहिले, तर मात्र समुपदेशकाची मदत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या विकाराला स्थान आहे, पण त्यासाठी साधारण वर्षभराचे वर्तन पाहिले जाते. तीन महिन्यांच्या खर्चावरून कोणी तसे निदान करीत असेल तर दुसरे मत घ्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

परताव्याला नकार आला, किंवा उत्तरच आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीत ‘माझ्या मुलाला व्यसन लागले’ असे लिहू नका. किंमत आधी सांगितली नव्हती, रुपयांऐवजी दुसरे चलन दाखवले, दर फिरकीगणिक दर वाढवला आणि ग्राहक अल्पवयीन होता, असे मुद्देसूद लिहा. चाकाचे आणि दरांचे स्क्रीनशॉट जोडा. ते काढायला मुलालाच सांगा, कोणत्या पडद्यावर काय लिहिलेले असते ते त्याच्याइतके घरात कोणालाच माहीत नाही. आणि हे सगळे जमवल्यावर तक्रारीचा मसुदा एकदा दिरांना वाचायला द्या.